सहा भोकं

माँटानातल्या बंदुकांच्या दुकानात रॉइस रांगेत उभा होता. पुढे एक म्हातारं जोडपं हुज्जत घालत होतं. म्हातारीनं रिव्हॉल्वरचा डबा पोटाशी गच्च धरला होता.

"दे तो डबा, लुएला. हे विकून पिस्तूल घेऊ."

"माझ्या रिव्हॉल्वरनं तुझं काय घोडं मारलंय?"

"गोळ्यांची सहा भोकं घासा, वर नळी घासा, काजळी खरवडा! पिस्तूल सुटं केलं, एक नळी पुसली, की झालं."

"झालं म्हणे! तुझ्या भावाच्या पिस्तुलाची स्प्रिंग उडाली, ती थेट माझ्या घेवड्याच्या पातेल्यात!"

"झाकण ठेवायचं मग."

"आणि घासतंय कोण? मीच ना?"

"म्हणूनच म्हणतोय. बोटं सुजतात गं तुझी. नंतर कप धरवत नाही तुला."

"सुजू देत."

"अगं, पिस्तूल पाच मिनिटांत साफ होतं!"

"हो ना, हार्लन. आणि सहाव्या मिनिटाला तू टीव्हीपुढे. आत्ता निदान सहा भोकं होईस्तोवर माझ्यासमोर बसून बडबडतोस."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"बोला, काय विकायचंय?" दुकानदारानं विचारलं.

"काही नाही. एक ब्रश द्या. जाड मुठीचा, हिला धरवेल असा."

"दोन द्या हो," म्हातारी म्हणाली. "तीन भोकं ह्याची."