गेअरची चेन आणि बैलाचं दावं

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. सातवीत शाळा सुटली, मला साधंच लिहिता येतं.

सेनगावात माझं सायकलीचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पहिलीच गेअरची सायकल आली, हायस्कूलच्या सरांची. चेन तुटली म्हणून सरांनी नांदेडहून नवी आणली होती, एकच. मी ती पुढे पायडलपाशी आणि मागच्या चाकाला, दोन्हीकडे सर्वांत लहान चक्रावर चढवली तर खाली लोंबायला लागली. साध्या सायकलीसारखी ताणून सहा कड्या कापायच्या, असं ठरवलं.

तेवढ्यात तांड्यावरचे बैल पाळणारे हरीबाबा विहिरीच्या कप्पीसाठी बोटभर ग्रीस मागायला आले.

"काहून कापून राहिला?"

"ढिली आहे, बाबा."

"मोठ्या चक्रावर गेल्यावर पुरंल का?"

"बाबा, हे गेअरचं काम आहे, बैलाचं न्हाई."

ते हसले. "बैल खुंट्यापाशी उभा असला की दावं ढिलंच दिसतं, लेकरा. तो चाऱ्यापर्यंत गेला की मापावं."

मी गुपचूप चेन दोन्हीकडच्या सर्वांत मोठ्या चक्रावर घातली. जेमतेम दोन कड्या जास्त निघाल्या. सहा कापल्या असत्या तर सरांची चेन वाया गेली असती. हा माणूस जन्मात सायकलवर बसला नव्हता. मान वर केली तर बाबा ग्रीस न घेताच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावर गेलो. माफी मागायची होती, बाबा भेटलेही, पण ती राहूनच गेली. मग त्यांच्या विहिरीच्या कप्पीला ग्रीस लावलं आणि परत आलो.