फाडायचा कागद

ताण कसला सांगता, आम्हाला त्याचं सरकारने रीतसर प्रशिक्षण दिलंय! बडोद्याच्या आमच्या कचेरीत नुकते कॉम्प्युटर आले होते, तेव्हाची गोष्ट. ताण घालवायला शिकवायला गांधीनगरहून एक बहेन आल्या. म्हणाल्या, "जे छळतं ते कागदावर लिहा. नाव घालू नका. मग कागद फाडून टाका, मन हलकं होईल."

मी लिहिलं, "साहेब दिवसातून दहा वेळा केबिनमध्ये बोलावतात. बेल वाजली की छातीत धडधडतं."

फाडणार तेवढ्यात चहा आला. कागद टेबलावर ठेवून सगळे उठलो. परत येऊन बघते तर एकही कागद जागेवर नाही. आवक-जावक सांभाळणाऱ्या जगतापकाकांनी ते गोळा केले होते, शिक्के मारले होते आणि साहेबांच्या टेबलावर पोचवलेही होते.

"काका, अहो, ते फाडायचे होते!"

"सुनंदाबेन, सरकारी कागद फाडायचा? तीस वर्षांत एक फाडला नाही मी."

"मग परत तरी आणा."

"आता नंबर पडलाय. साहेबांचा शेरा झाल्याशिवाय हलायचा नाही."

पाच वाजता माझा कागद शेरा होऊन आला. नाव घातलं नव्हतं, पण साहेब माझं अक्षर रोजच वाचायचे. वर त्यांनीच माझं नाव घातलं होतं आणि खाली गुजरातीत दोनच शब्द होते, "रूबरू मळो."

म्हणजे आत येऊन भेटा. दहाची अकरा बोलावणी झाली.