करीच्या दिवशी निवृत्तीकाका पळाले

नाही, नाही, नाही! पळायचं नाव माह्यासमोर काढू नका! हसा तुम्ही, काढा दात... 'काका, चला की बागेचा एक राउंड!' म्हने. अरे, मी एकदाच राउंड मारला, तर आमचं अख्खं धामणगाव बढे गाव स्मशानात जाऊन आलं! अन् दिवस कोन्ता? करीचा!

तुमाले सांगतो, मूळ भानगड पोरीची. समीक्षा माही. तिची माय गेल्यापासून मी गावात एकटा, अन् हिचं फोनवर रोज एकच, 'बाबा, गोळी घेतली? बाबा, फिरून आलात?' मी आपला हाव म्हनतो. हाव म्हनायले काय लागते? मंग एक दिवस माहा रक्ताचा रिपोर्ट तिच्या मोबाईलवर गेला, अन् साखर ही एवढी! लगेच फोन, 'बाबा, आमच्या ऑफिसची संक्रांतीची फन रन आहे. घरच्यांनी आपापल्या गावात पळायचं, अंतर मोबाईल मोजतो. पाच किलोमीटर पुरे करा अन् खुशाल गावात राहा. नाहीतर मी तुम्हाला पुण्याला घेऊन येते!'

पुण्याले! तिसऱ्या मजल्यावर! अन् माह्या म्हशीचं दूध कोन काढीन? राजकुमारच्या चहाच्या टपरीवर माह्या जागी कोन बसन? म्हनलं, पळतो बाई, दिवस कोन्ता? तर म्हने संक्रांतीचा दुसरा. म्हंजे कर! आता सांगा... करीच्या दिवशी आमच्याकडं कोनी नवं काम धरत नाही, परगावी निघत नाही, सोयरिकीची बोलनी करत नाही, अन् हा मानूस पळनार? म्हनलं, एक दिवस पुढं ढकल. 'बाबा, अ‍ॅपला कर कळत नाही.'

वरून कुरिअरनं टी-शर्ट आला. काळा कुळकुळीत! संक्रांतीचा रंग म्हने. छातीवर पतंग, तोबी कटलेला! शेजारच्या मंजुळाबाईनं तो दोरीवर पाहिला अन् तोंडाले पदर लावला, 'निवृत्तीभाऊ, यंदाची संक्रांत उगवतीकडं चालली म्हने. जिकडं तिची नजर, तिकडचं काही खरं नाही. तुम्ही कोन्या रस्त्यानं पळनार?' आता आमच्या गावात सपाट रस्ता एकच, उगवतीचा. अन् त्या रस्त्याच्या शेवटी काय? स्मशान!

सकाळी निघालो. धुकं असं, की दहा पावलांपुढचं दिसत नाही. लिंबाले कालचा मांजा लोंबकळून राह्यला. एक कुत्रं भुंकत नाही... गावचं कुत्रं मले अशा कपड्यात पाहून भुंकलं नाही, म्हंजे समजून घ्या! दिवस कोन्ता? करीचा!

अन् इथं मी एक गोष्ट विसरलो. आमच्याकडं पोट्टे पळतात, वासरं पळतात. मोठा मानूस पळत नाही! मोठा मानूस पळताना दिसला, म्हंजे कोनाची कडब्याची गंजी पेटली, नाहीतर कोनाचा बैल विहिरीत पडला, नाहीतर कोनी गेलं. मंग लोक विचारत बसत नाहीत, हातातलं टाकतात अन् मागं निघतात. ही आमची रीत. टपरीवरून राजकुमार ओरडला, 'काका, काय झालं?' माह्या तोंडातून शब्द निघन तर शपथ! मी नुसतं एक बोट वर केलं. एक किलोमीटर झाला म्हनून हो! त्याले वाटलं, गेलं कोनीतरी वर! 'अरे राम राम राम...' अन् गॅस बंद केल्याचा आवाज आला.

मंग मागून पावलं... आधी एकाची. मंग दोघा-तिघांची. मंग मोजताच येईना. बोलनं नाही, खोकलनं नाही, नुसती पावलं! अन् माही माय सांगत जाये, करीच्या दिवशी मागून पावलं वाजली तर वळून पाहू नाही. मी पाह्यलंच नाही! मी जोरात, तर पावलं जोरात. मी हळू, तर पावलं हळू. अन् खिशातून ती अ‍ॅपवाली बाई धुक्यात ओरडते, 'थांबू नका!' काय सांगू, छाती अशी उडून राह्यली होती, की मी मनातल्या मनात बायकोले म्हनलं, पुष्पांजली, आलोच मी!

स्मशानाच्या शेडपाशी वळायचंच होतं. डोळे मिटूनच वळलो. डोळे उघडले... अख्खं गाव! राजकुमारच्या हातात गाळनी तशीच. एकाजवळ गोवऱ्यांचं टोपलं, एकाजवळ मडकं, भजनी मंडळाचे टाळ बी आलेले!

'निवृत्तीभाऊ, कोन गेलं?'

म्हनलं, कोनीच नाही.

'मंग पळता काऊन?'

म्हनलं, मजा म्हनून.

मंजुळाबाई हळूच बोलली, 'धरा रे याले. संक्रांतीनं याच्यावरच नजर टाकली.' अन् तेवढ्यात खिशातून बाईचा आवाज, 'आता परत फिरा!' झालं! मडकं फुटलं, टोपलं उडालं, अन् गाव पुढं अन् मी मागं, 'अरे थांबा, मोबाईल आहे तो!'... पन पाच किलोमीटर झाले! बाईनं 'अभिनंदन' म्हनलं! म्हशीच्या गळ्यात पडून रडलो मी. पुणं टळलं!

कशाचं टळतं हो! तवरक राजकुमारनं, काकाले संक्रांत लागली म्हनून, समीक्षाले फोन केला होता. अन् असा फोन आमच्याकडं कसा करतात? 'ताई, जशा आहात तशा निघा.' 'काय झालं? बाबा बरे आहेत ना?' 'फोनवर सांगन्यासारखं नाही.'

संध्याकाळी गाडी दारात. पोरीचे डोळे सुजलेले. अन् मी ओट्यावर भाकर खाऊन राह्यलो! गळ्यात पडली, 'बाबा, रस्ताभर मी मनातल्या मनात तुम्हाला स्मशानात पोचवूनच आले होते...' लय वाईट वाटलं हो मले. मी बी रडलो. मंग मोबाईल पुढं केला, बाई, पाह्य, पाच पुरे! तिनं पाह्यलं बी नाही. डोळे पुसले अन् म्हने, 'बॅग भरा.' म्हैस मंजुळाबाईच्या गोठ्यात गेली.

तेव्हापासून पुण्यातल्या तुमच्या या बागेतला हा बाक अन् मी. इथं तर काळे कपडे घालून जो तो पळून राह्यला! पहिल्या दिवशी एक मानूस धापा टाकत गेला, मी हातातली पिशवी टाकली अन् निघालो त्याच्या मागं, 'काऊन भाऊ, कोन गेलं?' त्यानं कानातलं काढलं, 'सॉरी?' म्हने, अन् गेला. वळून पाह्यलं, तर त्याच्या मागं मी एकटाच! म्हंजे इथं दिवस कोन्ता? रोजच करीचा!

पळतो म्हना... तुम्ही एवढं म्हनता तर पळतो. पन माह्या मागं कोन येईन?