पारसाच्या अधिपतीचं नाक

—अहो, तिथे नका ठेवू फोटो, तेल सांडलंय तिथे, आणा इकडे. आणि बसा हो सेक्रेटरीसाहेब, त्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसा, त्याचा रंग वाळलाय. चर्चच्या मंडळीचं काम घेऊन यायचं आणि उभ्या उभ्या सांगून निघायचं, असं कुठे असतं? पडदा आणलात ते बरं केलंत — मीच रंगवलेला तो, बारा फुटी, मी नाही ओळखणार तर कोण — म्हणजे बाकी सगळं तसंच ठेवायचं, वरचा मोठा देवदूत तसाच, तलवार तशीच, ढग तसेच, फक्त खाली पडलेल्या अधिपतीचा चेहरा खरवडायचा आणि त्या जागी हा फोटोतला बसवायचा. बरोबर ना? कारण युद्ध आता दुसऱ्या सरहद्दीवर गेलं, जुने वैरी गळ्यात गळे घालायला लागले, नवे वैरी आले, तेव्हा तोंडही नवं हवं. आणि कोण हा? — शाळेच्या फाटकापाशी सायकली दुरुस्त करतो, तो? नव्या वैऱ्यांच्या मुलखातला, तिकडचा आहे म्हणे? — बरं, आजा तिकडचा. हसतोय बघा. कुणाशी तरी बोलताना हसतोय, कुणी आपला फोटो काढतंय हे त्याच्या गावीही नाही.

सांगतो, काढणार की नाही ते सांगतो, पण आधी दोन गोष्टी ऐकून घ्या. आणि माझा हात चालू राहील, तिकडे लक्ष देऊ नका — हातात कोळशाचा तुकडा नसला की हा उजवा हात थरथरतो, डॉक्टर म्हणतात शिरेचं दुखणं आहे, असेल बुवा — म्हणून मी पुठ्ठ्यावर रेघोट्या ओढत बसतो. तुम्ही आपले उजेडात बसा. मान जरा इकडे.

हा पडदा नऊ वर्षांमागचा. तेव्हाचे पाळक वेगळे होते, तुम्ही मंडळीत आला नव्हतात. काय आवाज त्या माणसाचा! तावदानं थरथरायची. म्हणायचे, बाबांनो, राजे लढतात असं तुम्हाला वाटतं — राजे कसले लढतात? प्रत्येक राज्याच्या मागे एक अधिपती उभा असतो, वर, डोळ्यांना न दिसणारा, आणि आधी ते भिडतात, मग खाली आपली मुंडकी उडतात. तो म्हातारा संदेष्टा नाही का, नदीकाठी उपाशी बसलेला? त्याने प्रार्थनेला तोंड उघडलं त्याच दिवशी देवाचा दूत उत्तर घेऊन निघाला होता — आणि वाटेत कुणी अडवलं? पारस राज्याच्या अधिपतीने. एकवीस दिवस! एकवीस दिवस वर नुसती हाणामारी, आणि खाली हा म्हातारा अन्नाला शिवत नाहीय, त्याला वाटतंय देवाने कानात बोळे घातले. शेवटी मोठा देवदूत, तो सेनापती, धावून आला तेव्हा वाट सुटली. आणि सुटून तरी काय, निरोप सांगून झाल्यावर तो दूत म्हणतो, मला परत लढायला जायचंय, पारसाचा आटोपला की ग्रीसचा येतोच आहे. म्हणजे संपायचं नावच नाही. पाळक मला म्हणाले, पेंटर, हे काढ, लोकांना डोळ्यांनी दिसू दे.

काढलं की. जीव ओतून काढलं. कोंबड्या कापणाऱ्याच्या दुकानात तीन दिवस सकाळी जाऊन बसलो — पंख खांद्यातून पिरगाळून काढतात तेव्हा आत काय दिसतं, पांढरं किती, लाल किती, ते बघायला. म्हणून तर अधिपतीचा तो उपटलेला पंख बघून बायका तोंड फिरवायच्या. पण अडलं कुठे? तोंडापाशी. मोठ्या देवदूताला माझ्या धाकट्या भावाचं तोंड दिलं, देखणा आहे तो, काम भागलं. पण अधिपतीचं काय? शास्त्रात वाचा, पुन्हा वाचा, पारसाच्या अधिपतीचं नाक कसं होतं हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. आणि तोंड हवेतून काढता येत नाही साहेब, जो म्हणतो येतं तो खोटारडा. पाळक म्हणाले, तेव्हाच्या वैऱ्यांच्या मुलखातल्या, तिकडच्या माणसासारखा काढ. आता तिकडचा माणूस मी जवळून एकच पाहिलेला — समोरचा घड्याळजी. त्याचाही आजाच तिकडचा, हा इथेच जन्मला, इथल्याच शाळेत मार खाल्ला. मी नाक घेतलं त्याचं. फक्त नाक. — बरं, भुवयाही.

नाही, राग कसला? राग वगैरे काही नव्हता. म्हणजे — आता तुम्ही विचारलंतच म्हणून — त्याच्या दुकानाची पाटी मी रंगवली होती. मोठं घड्याळ काढलं पाटीवर, साडेदहा वाजलेले. मोठा काटा सहावर, छोटा दहावर. हा बाहेर आला, भिंग कपाळावर सरकवलं, आणि भर रस्त्यात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, पेंटर, साडेदहाला छोटा काटा दहाच्या पुढे सरकलेला असतो रे, तुझ्या घरी अर्धा तास कुणी चोरून नेला? हसले सगळे. मीही हसलो. त्याने चहा पाजला, काटा सरकवून घेतला, विषय संपला. त्याचा संपला. माझ्या घशात ते हसणं सहा वर्षं अडकून होतं. सहा वर्षं रोज दार उघडलं की समोर तो काटा! तेव्हा नाक काढायला बसलो आणि हात आपोआप चालला, दोन दिवसांचं काम एका दुपारी झालं, आणि मी शीळ घालत होतो. मान हलवू नका.

मग तो रविवार. मी घरीच होतो. उपासना सुटायच्या आत निघालो होतो मी, डोकं दुखत होतं. पाळकांनी त्या दिवशी पडद्याकडे बोट केलं म्हणे, आणि म्हणाले, तो नुसता वर नाही, तो तुमच्या गल्लीतही हिंडतो. तिसऱ्या रांगेतला तो जाडा, लाकडाच्या वखारीवाला, उभा राहिला आणि म्हणाला, अरेच्चा, हा तर घड्याळजी. बस्स. एवढंच. आदल्या आठवड्यात सरहद्दीवरून आपल्या वस्तीतल्या अकरा पोरांचे मृतदेह आले होते, त्यातला एक वखारीवाल्याच्या बहिणीच्या पोराचा. दोनशे माणूस बाहेर पडलं. मी दार लावून घेतलं होतं. घड्याळजीच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं, लोक उपासनेला गेले की तो राहिलेली घड्याळं करत बसायचा. वखारीवाल्याने घण घातला शटरवर, मग दुकानातल्या काचेवर, मग त्याच्या हातावर. हातावर आधी. दोन बोटं उलटी फिरली आणि त्या बोटांत चिमटा तसाच होता, चिमट्यात एवढासा स्क्रू. ओढून बाहेर काढला त्याला, केसांनी. एकाने कपाळावरचं भिंग खाली डोळ्यावर आणलं आणि वरून टाच दिली. तो ओरडत नव्हता हो, तो नुसता ‘अरे, अरे’ म्हणत होता, लहान मूल पडताना म्हणावं तसं.

— काय म्हणालात? दार लावलं होतं तर दिसलं कसं?

होतो मी. तिथेच होतो. पुरे म्हणालात तरी आता सांगितल्याशिवाय राहवणार नाही. दुकानातली सगळी घड्याळं फोडली होती, पण भिंतीवरचं एक राहिलं, लाकडी, मोठं, आणि बरोबर तेव्हा बाराचे टोले पडायला लागले. आणि काय सांगू साहेब, दोनशे माणूस थांबलं! घण वर उचललेला तसाच. टोले ऐकत उभे. त्याच्या तोंडावरून रक्त आणि पाणी दोन्ही वाहत होतं, आणि गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, अगं बाई, हा तर रडतोय, अधिपती कुठे रडतो? कुजबुज झाली. घण खाली आला थोडा. आणि वखारीवाला वळून म्हणाला, पेंटरला विचारा, काढणारा तो, त्याला ठाऊक. सगळी तोंडं माझ्याकडे. चौथा टोला होता तो, मी मोजत होतो. आठ टोले माझ्या हातात होते. त्याने उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं, आणि देवाशपथ सांगतो, त्याला हायसं वाटलं — ओळखीचं माणूस दिसलं ना! ‘पेंटर, सांग ना रे यांना,’ म्हणाला. आणि मला पाटी आठवली. अशा वेळी, बघा, पाटी! बारावा पडला आणि मी म्हणालो, हाच.

नंतर मी स्वतःची समजूत काय घालायचो? की बाबा, लढाई वर झाली, निकाल वर लागला, तू कोण? राजे जर बाहुल्या, तर पेंटर कुठला कोण. झोप यायची त्याने. पंधरा दिवसांनी वहिनी आल्या, घड्याळजींची बायको. अंगावर तेच पातळ, हातात काही नाही. म्हणाल्या, भाऊजी, घरात यांचा एकसुद्धा फोटो नाही, दुकानात होता तो, दुकान पेटवलं त्यात जळला. धाकटीला बाप आठवेनासा झाला तर काय दाखवू? तुम्ही रोज बघायचात त्यांना, एवढं तोंड काढून द्या. साहेब, मी बसलो. एकवीस दिवस बसलो, मोजलेत मी, त्या दूतासारखेच एकवीस, आणि मदतीला कुणी आलं नाही. जो कागद घ्यावा त्यावर तोच यायचा, पडद्यावरचा, दात विचकलेला. हसरा काढायला जावं तर छद्मी हसायचा. शेवटी त्यातल्या त्यात बरा होता तो दिला. वहिनींनी बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, हे डोळे चर्चच्या हॉलमधल्या पडद्यावरचे आहेत. आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू — ‘भाऊजी, तुम्ही होय?’ कागद टेबलावर ठेवला, घडी न घालता, आणि गेल्या. गाव सोडून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. मला रडू यायचं राहिलेलं ते त्या दिवशी आलं, इथे, या फरशीवर.

तेव्हा वर काय चाललंय ते मला ठाऊक नाही. असेलही लढाई. पण वरच्याला नाक नव्हतं साहेब. नाक मी दिलं.

हं, झालं माझं. हा पुठ्ठा बघा आता. — बघा तर! रेघोट्या नव्हेत त्या. तुम्हीच आहात, मघापासून खिडकीच्या उजेडात बसलाय. कान जरा टोकदार केलेत, खालचा ओठ ओढलाय, बाकी तंतोतंत. माझा हात आहे, चुकायचा नाही. येत्या रविवारी अधिपतीच्या जागी हाच बसवला तर? दोनशे माणसांसमोर? — काय? तुमचे डोळे इतके क्रूर नाहीत? अहो, नाहीतच. त्याचेही नव्हते.

बसा, बसा, पडाल. — थांबा. तो तुमच्या ओठाचा कोपरा. तसाच उडाला होता घड्याळजीचा. अरे देवा, काय करतोय मी. परत तेच. नऊ वर्षांनी हात परत तेच करतोय, आणि मी मघाशी शीळ घालत होतो का? घालत होतो? — हे बघा, पुसतो. फडक्याने पुसतो, टर्पेंटाइन लावून. गेलं. काही राहिलं नाही, बघा, नुसता काळा डाग.

चाकू बघून दचकू नका, तो तुमच्यासाठी नाही. पडदा जरा धरा. ताणून धरा हो! — हं. निघाला. एवढा तुकडा मी ठेवून घेतो. खरवडून टाका म्हणता, पण त्याचं तोंड जगात एवढंच उरलंय, वाईट काढलेलं का असेना. बाकीचा पडदा न्या. भोक पडलंय खरं. कुणाला तिथे तोंड हवंच असेल तर त्याने मागे उभं राहावं आणि आपलं घालावं.

फोटो? फोटो नाही मिळायचा. माझ्या सायकलचं मागचं चाक कधीपासून बसलंय, आत्ताच घेऊन निघतो शाळेच्या फाटकाकडे. पंक्चर काढून होईपर्यंत सगळं सांगून होईल त्याला. — जा तुम्ही. दार लोटून घ्या जाताना.