वळला की ठेका बंद

...नाही, पण मला एक सांगा, माणूस वळेपर्यंत वाजवत राहायचं, असा हुकूम कुणी ड्रमवाल्याला सोडतं का? वळेपर्यंत! आणि नाहीच वळला तर? हे मी तालमीतच विचारलं होतं, तर आमचे दिग्दर्शक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, न वळून जाईल कुठे, गोष्टच वळण्याची आहे. आता बोला.

गोष्ट म्हणजे ती ग्रीकांची हो, पार जुनीपुराणी. एक गवई असतो, त्याची नवी नवरी साप चावून मरते, हा वाद्य घेऊन थेट पाताळात उतरतो, असं गातो की तिथल्या राजाचंही काळीज पाघळतं, आणि राजा म्हणतो, जा घेऊन, येईल ती तुझ्या मागून, पण वर पोचेपर्यंत मागं वळून बघायचं नाही. आणि हा अगदी उंबऱ्याशी येऊन वळतो. संपलं. बायको परत खाली. आमच्या दिग्दर्शकांनी ती आजच्या काळात आणली, संगीतासकट. सापाच्या जागी विजेची उघडी वायर, पाताळाच्या जागी तळघरातलं पार्किंग, पाताळाचा राजा म्हणजे तिथला पावत्या फाडणारा, आणि वर यायची वाट म्हणजे बंद पडलेल्या जिममधून उचलून आणलेला चालायचा पट्टा. गवई पट्ट्यावर चालणार, चालणार, आणि तिथंच राहणार. त्याच्या मागं बायको एका खाली उतरणाऱ्या फळीवर, जागच्या जागी पावलं टाकणार. तो वळला की माझा ठेका बंद, दिवे बंद, पट्ट्याची वायर ओढायची, आणि फळी तिला घेऊन सर्रकन खाली. सगळा कारभार एका माणसाच्या मानेवर. का, तर रोज खरं वाटलं पाहिजे.

आता गवई आणि त्याची बायको झालेली दोघं खरीखुरी नवराबायको. त्याला आम्ही बुवा म्हणतो, तिला मी वहिनी. आणि बुवा घरात कसा? वहिनी आतून हाक मारणार, हा खिडकीकडे तोंड करून चाल बसवत "हं" म्हणणार. पाणी गेलंय... हं. मला ताप आहे... हं. मी एक दिवस निघून जाईन... हं, छान. मान म्हणून वळायची नाही, गंजली होती की काय कोण जाणे. शेवटी वहिनीनं दुसऱ्या गावी शाळेत गाणं शिकवायची नोकरी धरली, खोली बघितली, पडदेसुद्धा शिवून घेतले, आणि मगच त्याला सांगितलं. तेव्हा वळली हो मान! थांब म्हणाला, तुझ्या आवाजासाठी नवं नाटक बसवतो म्हणाला, भांडी घासतो म्हणाला, घासलीही, निम्मे कप फोडले. ती एवढंच म्हणाली, "शेवटचा प्रयोग होईपर्यंत आहे मी."

झालं! या बाबानं ते वाक्य घट्ट धरलं. प्रयोग होईपर्यंत आहे. म्हणजे प्रयोग संपलाच नाही तर? तुम्हीच सांगा, यात चुकलं कुणाचं?

शेवटचा प्रयोग दुपारचा होता. वहिनीची बॅग मेकअपच्या खोलीत, टॅक्सी सांगून ठेवलेली. सगळं सुरळीत झालं, पार्किंगवाला राजा पाघळला, बुवा पट्ट्यावर चढला, मी ठेका धरला. रोज गाणं एकदा फिरून आलं की वळायचा. गाणं फिरून आलं. परत फिरलं. परत... मी गिटारवाल्याकडे बघतोय, तो पियानोवाल्या बाईंकडे, बाई दिग्दर्शकांकडे, आणि दिग्दर्शक विंगेत उभे राहून स्वतःचीच मान वळवून दाखवतायत, घुबडासारखी, गरागरा. बुवाचं लक्ष सरळ समोर. तुम्हाला सांगतो, खोटं वाटेल, पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना बसल्या जागी दाढी आली. मी लय चढवली, म्हटलं दमेल, तर तो पळायला लागला. उतरवली, तर रमतगमत चालायला लागला. लोक आधी हसले, मग खोकले, मग कुणीतरी म्हणालंही, वळ की रे बाबा, घरी जाऊ दे... आणि मग सगळं थिएटर चिडीचूप.

कारण बुवा रडत होता. चालत होता, गात होता, रडत होता, आणि समोर बघत होता. वायर ओढायला बसलेला आमचा विजेचा माणूस, चांगला दांडगा गडी, तो वायर छातीशी धरून हुंदके देतोय. दिग्दर्शक मला खुणावतायत, बंद कर. कसं करू? वळेपर्यंत वाजवायचं ना? तुम्हीच सांगा, यात चुकलं कुणाचं?

गोष्टीत ती मेलेली, तिला बोलायला बंदी. पण माइक चालू होता. आणि अगदी घरात बोलावं तसं, हळूच, सगळ्या थिएटरला ऐकू आलं.

"वळ ना रे."

बुवा चालतोय.

"दमले मी. जागच्या जागी चालून."

"अजून थोडं," बुवा म्हणाला. समोर बघतच.

"थोडं थोडं करतच आलो की इथवर."

"वळलो तर जाशील."

"जाणार तर आहेच रे. पण एकदा बघ तरी माझ्याकडे."

आणि वळला. नुसत्या मानेनं नाही, अख्खा वळला, सावकाश, आणि असं बघितलं तिच्याकडे... नाही, ते मला सांगता यायचं नाही. ती बाहीनं नाक पुसत होती. विजेच्या माणसाला रडता रडता वायर ओढायचं सुचलंच नाही, त्यामुळे पट्टा चालूच, आणि पट्ट्यानं बुवाला उभ्याउभ्या, हात पुढे केलेला, विमानतळावरच्या बॅगेसारखा तिच्याकडे नेला. फळीवाला मात्र कर्तव्यदक्ष! पट्टा संपला, बुवा गुडघ्यांवर आपटला, आणि तिच्या बोटांना याची बोटं लागतायत न लागतायत तोवर ती गेली खाली. लोक उभे राहून टाळ्या पिटतायत. वा, काय अभिनय! यात चुकलं कुणाचं, सांगा ना.

बॅग मीच उचलून टॅक्सीत ठेवली. वहिनी म्हणाली, भाऊजी, त्याच्या गुडघ्याला बर्फ लावा, त्याला स्वतःहून सुचणार नाही. टॅक्सी कोपऱ्यावरून गेली. तिनं काही मागं बघितलं नाही, आणि तिला तर कुणी मनाईही केली नव्हती.

बर्फ घेऊन आत आलो. थिएटर रिकामं, पार्किंगचे खांब उचलून ट्रकमध्ये चढवलेले, आणि पट्टा आपला एकटाच घरघरतोय, कुणी बंदच केला नव्हता. शेजारी बुवा बसलेला. त्यानं हात लांब करून बटण दाबलं. आम्ही रोज वायरच ओढायचो, त्यामुळे ते यंत्र बोलतं हे कुणाच्या बापाला माहीत नव्हतं. पट्टा थांबला आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "अभिनंदन. आज आपण खूप चाललात. आता कृपया विश्रांती घ्या."

बुवानं त्या यंत्राकडे मान वळवली. मग म्हणाला, "घेतो बाई. आज मी सगळ्यांचंच ऐकतोय."