साहेब, शेवंता अन् शिंगाडे

या गोष्टीतला एक शब्द खरा मानून दाखव, मंग तुले मानीन. आमचे गुरुजी पावसाळ्यात धानाच्या रोपावर अन् हिवाळ्यात तलावातल्या शिंगाड्यावर पोरायले पाढे शिकवत. शाळेच्या तपासणीले साहेब आले, त्या दिवशी शिंगाडे मीच उकडून, सोलून नेले. गुरुजीनं आठ-आठच्या सात ओळी मांडल्या. साहेबानं नेमकं माह्या पोरीले, शेवंतालेच उठवलं. चुकली तर चौथीत जात नाही, म्हणून माहं सारं ध्यान दारातून तिच्यावरच होतं.

"सात आठे किती? मोजून सांग."

पोरीनं मोजले. "पंचावन."

साहेब म्हणे, "पुन्हा मोज."

पुन्हा पंचावनच. पोरगी रडाले लागली.

मी दारातूनच म्हटलं, "साहेब, तुमच्या तोंडातला शिंगाडा धरा, मंग छप्पन होते."

शेवंता गेली चौथीत. तू जाय आता घरी.