हॉलमधलं इंजिन

— नाही हो, चप्पल काढू नका, खाली ऑइल आहे. उजवीकडून या, डावीकडे क्रँक ठेवलाय, नडगी फुटेल. हां, हाच हॉल. मोठा आहे, चांगला मोठा आहे, आत्ता दिसत नाही कारण मधे इंजिन आहे. बसा की! अय्यो, त्याच्यावर नको — ते स्टूल नाही, सिलिंडर हेड आहे, मी त्यावर टॉवेल घातलाय एवढंच. इथे पलंगावर बसा. तुम्ही पुण्याचे ना? शशांक म्हणालात, नाही का — ‘आम्ही घर पाहायला आलो आहोत’ म्हणालात तेव्हाच ओळखलं, पेपरातल्यासारखं मराठी. आमचं हे असं आहे बघा, आमचे लोक राजाच्या फौजेत म्हणून मैसूरला आले, तेव्हापासून घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि राग आला की दोन्ही. मी अंबाजीराव. हायस्कुलात गणित शिकवत होतो, आता रिटायर. आणि ती फाटकावरची ‘घर भाड्याने देणे आहे’ पाटी वाचून आलात, ती मी लावलेली नाही हं. ती आमच्या हिने लावली, तुंगाने. ती कुठे आहे म्हणताय? बाहेर आहे. बाहेर म्हणजे बाहेरच — अंगणात ती पिवळी व्हॅन बघितलीत ना, खिडकीला फुलाफुलांचा पडदा? तिथे राहते ती. छे छे, भांडण नाही. भांडण कसलं! आम्ही बोलत नाही, मग भांडण कसं होईल?

सांगतो ना. रिटायर झालो आणि ती व्हॅन घेतली. जुनी गाडी, आधी कुणी तिच्यातून आइस्क्रीम नेत होतं. आत मी स्वतः सुतारकाम केलं — पलंग केला, पाण्याची टाकी बसवली, आणि पुढच्या सीटांच्या मागे हिला स्वयंपाकाचा ओटा करून दिला, शेगडीसकट. हिने पडदे शिवले. असं चाललं होतं की नव्यानं लग्न झालंय. मग मैसूरचा माणूस गाडी घेतल्यावर काय करतो? पहिली चामुंडीच्या डोंगरावर नेतो, देवीपुढे पूजा करायला. गेलो. अर्ध्यावर, वळणावर, गाडी थांबली. म्हणजे इंजिन चालू, धूर भरपूर, पण गाडी पुढे जायला तयार नाही. मी स्टिअरिंगवर, आणि तुंगा खाली उतरली, जरीची साडी खोचली आणि ढकलायला लागली. तेवढ्यात मागून बस आली, बसमधे कोण? माझी शाळा! नववीची सहल! ‘सर, सर, नावू बर्तीवि सर!’ — आम्हीपण येतो म्हणून सगळे उतरले, ढकलत ढकलत घोषणा देत वर नेली गाडी. आणि तुंगा हसत होती हो. पोरांबरोबर खदाखदा हसत होती. देवीला नमस्कार करतानासुद्धा हसत होती. मी तिथेच देवीपुढे उभं राहून ठरवलं, हे इंजिन मोठं करायचं.

अहो, मोठं करतात! खोलायचं, आतली भोकं तासून रुंद करायची, मोठे पिस्टन घालायचे, झालं. आमचा मंजुनाथ लेथवर करून देतो. त्याने केलं. मी म्हटलं, मंजुनाथा, आणखी स्वल्प घे. तो म्हणाला, सर, भोकाची भिंत पातळ होईल. मी म्हटलं, तुला गणित मी शिकवलंय. पातळ झाली. तडकली. मग एका मोडीतल्या लॉरीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, आणला — हा जो समोर बघताय तो. काय ताकद आहे! चामुंडीचा डोंगर काय, हा घर ओढून नेईल. आणला, हॉलमधे ठेवला, कारण बाहेर पाऊस, आणि तेवढ्यात आला दसरा. दसऱ्याला आमच्याकडे बाहुल्या मांडतात, पायऱ्या करून, वर लाकडाचे राजाराणी — तुमच्याकडे नसतं ते. आणि दुसरीकडे आयुधपूजा, म्हणजे हत्यारं, यंत्रं, गाड्या, सगळ्यांना हळदकुंकू. आता पिस्टन कुठे मांडणार? खाली तर जागाच नाही. म्हणून तिच्या पायऱ्यांवर मांडले, राजा आणि राणीच्या मधे. मला वाटलं, शोभतायत. तिला नाही वाटलं. बरं ते असो. मी पूजा मनापासून केली, कोहळा फोडला, आणि फुलं, कुंकू, अक्षता सगळं इंजिनाला वाहिलं — वरून. वरून म्हणजे उघडं होतं ना ते. चारही सिलिंडरात कुंकू. मग तीर्थ शिंपडलं. दुसऱ्या दिवशी हात लावायचा नसतो, पूजेला बसलेली वस्तू आहे, आमचे वडील तर पेनसुद्धा उचलू द्यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी बघतो तर आत लाल गंज, आणि एका सिलिंडरमधे झेंडू. पुन्हा सगळं खोललं.

हसा, हसा. तीही हसली. पण मग मी माप घेतलं — आणि तिचं हसणं थांबलं. हे इंजिन त्या जागेत मावत नाही हो. मागे सरकवावं लागतं, हातभर. हातभर मागे काय आहे? तिचा ओटा. मी म्हटलं, ओटा काय, काढून टाकू, स्टोव्हवर मांडीवर करू कॉफी. ती उठली. भांडी घेतली, उशी घेतली, देव घेतले, जाऊन ओट्याला टेकून बसली ती बसलीच. मी करवत घेऊन गेलो तर आतून कडी. म्हणजे बघा, ती घरात राहते पण घर चाकांवर, आणि मी घरात राहतो पण इंजिनाबरोबर. हो, या पलंगावर. मग काय, इथून ते दिसतं. सकाळी मी खिडकीवर टकटक करतो, पडद्यातून पेला येतो. कॉफी उत्तम, शब्द एक नाही. पेला धरताना बोटं लागतात, ती मात्र हात काढून घेत नाही — जाऊ द्या, तुम्हाला कशाला सांगतोय. तुम्हाला बाथरूम बघायचं असेल.

काय? ती कुठे जायचं म्हणत होती? सरगूरला. तिचं माहेर ते, आईबाप गेले, पण नदीकाठी झाडं आहेत, तिथे गाडी लावून चार दिवस राहू, बास एवढंच. नाही नाही, सरगूरला कसला घाट? सपाट रस्ता. जुन्या इंजिनानेसुद्धा — हो, गेली असती. गेलीच असती. पण असं बघा, सरगूरला गेलो असतो, परत आलो असतो, आणि आयुष्यभर गावात काय राहिलं असतं? की सरांच्या गाडीला बायकोने ढकललं! ती हसली होती हो. तेच तर माझ्या डोक्यातून जात नाही. दुसरी असती तर रडली असती, टॅक्सी केली असती. ही हसली. तसं पुन्हा हसेल, असं मोठं इंजिन मला... काय बोलतोय मी. खरं सांगू का, मला करमत नाही. पण ती जाणार कुठे? इंजिन इथे आहे! जोवर हे हॉलमधे, तोवर गाडी अंगणात. मी म्हणूनच तर हेड बसवत नाहीये.

कसला आवाज? ट्रॅक्टर. उसाचा असेल, इकडून जातात. थांबलाय म्हणताय? आमच्या फाटकात? पडदा सरकवा जरा. हा तर दामोदर! हिचा भाऊ, इथे जवळ वरुणा गावात शेती आहे त्याची. हा दोर कशाला बांधतोय? अगं, पण इंजिन... इंजिन लागत नाही? ओढून नेतोय! सरगूरपर्यंत ट्रॅक्टरने! आणि ती बघा, ओट्यापाशी उभी, शेगडीवर पातेलं, जशी काही विमानात बसलीय. हात करतेय. मला नाही, तुम्हाला? तुम्हाला कशी ओळखते? तुमच्या हातात काय आहे ते? ही तर घराची किल्ली, हिनेच दिलेली! म्हणजे तुम्ही बघायला नाही, राहायला आलात! आजपासून! आणि मी तासभर तुम्हाला —

हलली गाडी. काय म्हणतेय ती? ऐकू येतंय का तुम्हाला? ‘येताय का, अहो?’ — असंच म्हणाली ना? महिनाभरात पहिला शब्द, तोही ट्रॅक्टरच्या आवाजात! अगं थांब! दामोदरा, निल्सो, निल्सो! सरका हो, सरका तुम्ही — त्या पिस्टनला हात लावू नका, तो नुसता टेकवलाय — नाही, लावा. लावा, फेका, मोडीत द्या, तुमचं घर आहे. सरका म्हणतो ना!